पडणारा स्विच खरे बोलतो

दिवाळीच्या सुमारास पहिली थंडी पडते आणि अनेक घरांत उन्हाळा-पावसाळाभर बंद असलेले गिझर पुन्हा सुरू होतात. त्याच आठवड्यात गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनचा फोन वाजू लागतो. तक्रार बहुतेक एकच असते. गिझर लावला की घरातली वीज जाते, खटका वर केला तर पुन्हा पडतो. घरात पाहुणे असतात, अभ्यंगस्नानाची घाई असते आणि पाणी गार असते. अशा वेळी सगळ्यांचा राग त्या पडणाऱ्या खटक्यावर निघतो. ‘हा स्विचच खराब आहे,’ असा निकाल घरातल्या घरात लागतो. पुढे कोणी तरी तो काढून टाकतो किंवा दोन वायरी थेट जोडून देतो. बोलीभाषेत याला ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. पाणी तापते, तक्रार मिटते आणि त्या घरातली सर्वात धोकादायक जागा आता न्हाणीघर होते.

विजेचा खटका उगाच पडतो, हा समज घराघरांत पक्का रुजला आहे आणि तो जीवघेणा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालांत अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची संख्या बारा हजारांच्या पुढे दिसते. त्यात शेतातले, कारखान्यातले आणि रस्त्यावरच्या तारांचे बळी असतात, तसे घरातलेही असतात. डेंग्यूचा डास किंवा दूषित पाणी हा जसा आरोग्याचा प्रश्न मानला जातो, तसाच हाही मानायला हवा. फरक इतकाच, की यावरची लस घराच्या विजेच्या पेटीत बसवता येते. अनेक घरांत ती बसवलेलीच नसते आणि काही घरांत बसवून मग काढून टाकलेली असते.

एका पेटीत दोन पहारेकरी

घराच्या विजेच्या पेटीत, म्हणजे डीबीमध्ये, साधारण सारखे दिसणारे दोन प्रकारचे खटके असतात. त्यांची कामे पूर्ण वेगळी आहेत. तरीही बहुतेक घरांत दोघांनाही ‘एमसीबी’ म्हटले जाते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

खरा एमसीबी वायरींचा रखवालदार असतो. तारेतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला तर ती तापते, तिचे आवरण वितळते आणि आग लागू शकते. ते होण्याआधी एमसीबी प्रवाह तोडतो. त्याच्या पोटात दोन युक्त्या असतात. दोन वेगवेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी तापली की वाकते आणि खटका पाडते. हे काम सावकाश होते आणि जास्तीच्या भारासाठी असते. दुसरी युक्ती विद्युतचुंबकाची. शॉर्टसर्किट होऊन प्रवाह अचानक अनेक पटींनी वाढला, तर ती क्षणार्धात खटका पाडते. गिझरच्या सर्किटवर बहुधा १६ किंवा २० अँपियरचा एमसीबी असतो. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपियर घेतो आणि ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर सुमारे १३ अँपियर. त्यामुळे त्याच तारेवर इस्त्री किंवा ओव्हन लागला की हा खटका पडतो आणि ते योग्यच असते.

दुसरा खटका माणसाचा रखवालदार आहे. त्याचे आजचे नाव आरसीसीबी, पण लोकांच्या तोंडी अजून जुने ‘ईएलसीबी’ हेच नाव आहे. त्याच्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले एक छोटे बटण असते, ही त्याची सोपी खूण. घरगुती वापराच्या यंत्रावर ‘३० एमए’ असे लिहिलेले असते. एमए म्हणजे मिलीअँपियर, एका अँपियरचा हजारावा भाग. १६ अँपियरचा एमसीबी ज्या प्रवाहाला निमूटपणे वाट देतो, त्याच्या पाचशेव्या भागाहूनही कमी गळतीला हा खटका पडतो.

त्याचे काम चोख वाण्याच्या हिशेबासारखे असते. फेजच्या तारेतून जेवढा प्रवाह घरात गेला, तेवढाच न्यूट्रलच्या तारेतून परत आला पाहिजे. दोन्ही तारा एका लोहचुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. जाणारा आणि येणारा प्रवाह समान असला, तर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतात. काही प्रवाह वाटेत दुसरीकडे गेला, तर तोल बिघडतो, कड्यावरच्या गुंडाळीत विद्युतदाब तयार होतो आणि खटका पडतो. दुसरीकडे म्हणजे कुठे? गिझरच्या धातूच्या अंगातून अर्थिंगमध्ये, ओल्या भिंतीत किंवा नळाला हात लावून उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून. गळती कुठून होते ते या यंत्राला कळत नाही. हिशेब जुळत नाही, एवढेच ते सांगते.

३० मिलीअँपियरच का?

शरीरातून १ मिलीअँपियरच्या आसपास प्रवाह गेला की झिणझिण्या येतात. त्याच्या पुढे स्नायू आखडू लागतात. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हातातली तार माणूस स्वतःहून किती प्रवाहापर्यंत सोडू शकतो, हे मोजले. पुरुषांत हा आकडा सरासरी १६ मिलीअँपियर आला आणि स्त्रियांत १०.५. त्यापुढे मूठ आपोआप आवळली जाते. ‘विजेने धरून ठेवले’ असे जे म्हणतात ते हेच. वीज खेचत नाही, आपलेच स्नायू सुटू देत नाहीत. ३० मिलीअँपियरच्या आसपास श्वासाचे स्नायू जखडू शकतात. आणखी वाढलेला प्रवाह थोडा वेळ जरी छातीतून गेला, तरी हृदयाचे ठोके विस्कटतात. हृदय आकुंचन-प्रसरण सोडून नुसते थरथरते आणि रक्त पुढे ढकलणे थांबते.

म्हणून प्रवाह किती यासोबत तो किती वेळ वाहिला, यालाही महत्त्व आहे. ओल्या अंगाच्या माणसाचा विद्युतरोध साधारण १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्या शरीरातून २३० मिलीअँपियर जाऊ शकतात. हा प्रवाह १६ अँपियरच्या एमसीबीला जाणवतही नाही. त्याच्या दृष्टीने तो एका मध्यम दिव्याचा भार असतो. आरसीसीबी मात्र एवढ्या गळतीला सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, म्हणजे ४० मिलिसेकंदांत, वीज तोडतो. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील तर हृदयाच्या एका ठोक्याला ८०० मिलिसेकंद लागतात. झटका बसतो, दुखते, माणूस ओरडतो. पण हृदयाचा ठोका पुरा होण्याच्या आत वीज गेलेली असते. मरण आणि घाबरणे यांच्यातले अंतर इतके बारीक आहे.

या खटक्याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल पकडले, तर यंत्राच्या हिशेबात सारे जुळते आणि ते पडत नाही. जास्त भारापासूनही ते वाचवत नाही. म्हणून दोन्ही पहारेकरी लागतात. एक आहे म्हणून दुसरा नको, असे म्हणता येत नाही.

फक्त अर्थिंग पुरत नाही

‘आमच्याकडे अर्थिंग आहे, मग ईएलसीबी कशाला?’ असे अनेक जाणते लोकही विचारतात. याचे उत्तर साध्या भागाकारात आहे. इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम आहे असे धरू. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला, वर्षानुवर्षे त्यात पाणी घातले गेले नाही किंवा पट्टी गंजली, तर एवढा रोध होणे अवघड नाही. गिझरच्या अंगाला फेज लागली, तर २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपियर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपियरचा एमसीबी पडणार नाही. गिझर चालू राहील, पाणी तापेल आणि त्याच्या टाकीला व नळाला जवळपास पूर्ण दाब राहील. वर वीजबिलही फुगेल. तिथे आरसीसीबी असेल तर तो क्षणात पडेल.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. आरसीसीबी आहे पण अर्थिंग नाही, अशा घरात गिझरच्या अंगात वीज उतरली तरी तिला जायला वाट नसते. त्यामुळे खटका पडत नाही. वाट मिळते ती पहिल्यांदा हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून. खटका मग पडतो आणि बहुधा जीव वाचतो, पण दोष शोधण्याचे काम माणसाच्या अंगावर आलेले असते. अर्थिंग असेल तर तेच काम तार करते आणि कोणी हात लावण्याआधीच खटका पडतो. गिझर ‘उगाच’ ट्रिप होतो असे वाटते, तेव्हा बहुतेक वेळा हेच घडत असते. कोणाला झटका बसलेला नसतो, म्हणून दोषच नाही असे वाटते. झटका न बसणे हीच तर त्या व्यवस्थेची कमाई असते.

गिझरच्या पोटात काय बिघडते

गिझरची कॉइल बाहेरून साधी वाकवलेली नळी दिसते. नळीच्या मधोमध नायक्रोमची बारीक तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड गच्च भरलेली असते. ही पूड मोठी गुणाची. उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. पण तिला एक खोड आहे. ती हवेतला दमट ओलावा शोषते. ओली झाली की तिचा रोध घटतो आणि आतल्या तारेतून थोडी थोडी वीज बाहेरच्या नळीकडे पाझरू लागते. नळीची टोके जिथे बंद केलेली असतात, तिथले सील वयाने सैल होते. महिनोन्महिने न वापरलेल्या, विशेषतः पावसाळा बंद काढलेल्या गिझरची तक्रार पहिल्या थंडीत येते, त्यामागे बहुतेकदा हे कारण असते.

ही तक्रार फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत अंगणात मांस धुरावण्याची विजेची पेटी वापरतात. हिवाळाभर गॅरेजमध्ये पडून राहिलेली ती पेटी उन्हाळ्यात पहिल्यांदा लावली की तिथलाही संरक्षक खटका पडतो. कारण तेच, तापणाऱ्या नळीतला ओलावा. तिथले यंत्र तर ५ मिलीअँपियरच्या आसपासच पडते, आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी आधी. लोकांचा रागही तसाच आणि पळवाटाही त्याच.

दुसरे कारण कठीण पाणी. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या क्षारयुक्त पाण्याचा थर कॉइलवर बसत जातो. नळीची उष्णता पाण्यात उतरत नाही, नळी स्वतःच जास्त तापते, गंजते आणि एखाद्या ठिकाणी तिला केसाएवढी चीर पडते. चिरेतून थेट पाणी आत शिरते. अशी कॉइल थंड असताना ठीक वाटते. तापू लागली की धातू प्रसरण पावतो, चीर उघडते आणि काही मिनिटांनी खटका पडतो. कॉइलमधला साधा दमटपणा कधी कधी उष्णतेने निघूनही जातो. चिरेतून शिरलेले पाणी मात्र जात नाही, कारण कॉइल पाण्यातच बुडालेली असते. ती बदलणे हा एकच उपाय. याशिवाय थर्मोस्टॅटजवळ जळालेली वायर, झाकणाखाली गळणारे पाणी, उंदराने कुरतडलेले आवरण, प्लगच्या टोपीत शिरलेली वाफ, असे इतर संशयितही असतात.

शोध घ्यायचा तो असा

खटका पडला की पहिला प्रश्न: दोघांपैकी कोणता पडला? एमसीबी पडला असेल, तर भार जास्त आहे, शॉर्ट आहे किंवा जोड सैल होऊन खटकाच तापतो आहे. टेस्ट बटणवाला पडला असेल, तर वीज कुठे तरी गळते आहे. हे एवढे नीट सांगितले, तरी इलेक्ट्रिशियनचा निम्मा वेळ वाचतो.

दुसरा प्रश्न: कधी पडला? गिझर लावताक्षणी की पाच-दहा मिनिटांनी? पाऊस लागला की पडतो का? वॉशिंग मशीन सुरू असतानाच पडतो का? तापल्यावर पडत असेल, तर संशय कॉइलवर. पावसात पडत असेल, तर गच्चीवरचा दिवा, बाहेरचा पंप किंवा ओल आलेल्या भिंतीतली वायर तपासावी. एका कागदावर चार दिवस वेळा लिहून ठेवल्या, तर दोष बहुधा स्वतःच आपले नाव सांगतो.

तिसरी गोष्ट मात्र पुष्कळ जुन्या वायरमननाही चकवते. गिझरचा स्विच बंद आहे, तरी ईएलसीबी पडतो. मग गिझर निर्दोष ठरवला जातो. पण भिंतीवरचा एकेरी स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कॉइलच्या आत न्यूट्रलच्या बाजूला गळती असेल, तर घरातल्या पंख्याचा, फ्रिजचा परत जाणारा प्रवाह थोडासा तिथून अर्थिंगमध्ये निसटतो आणि हिशेब बिघडतो. म्हणून शोध घेताना स्विच बंद करणे पुरत नाही, प्लग ओढून काढावा लागतो. गिझर थेट वायरीने जोडलेला असेल, तर त्या सर्किटचे दोन्ही टोक इलेक्ट्रिशियनने सोडवून पाहिले पाहिजेत.

घरच्या माणसाने करायचे काम इथपर्यंतच. कोरड्या हाताने, कोरड्या चपलेवर उभे राहून सगळे प्लग काढावेत, खटका वर करावा आणि एकेक उपकरण लावत जावे. ज्या उपकरणाला खटका पडेल, ते बाजूला ठेवावे. एकही प्लग नसताना खटका पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे. झाकण उघडणे, कॉइल तपासणे, डीबीत हात घालणे ही परवानाधारक वायरमनची कामे आहेत. त्याच्याकडे मेगर हवा. साध्या मल्टिमीटरच्या बॅटरीच्या इवल्या दाबाखाली गळकी कॉइलही चांगली दिसू शकते. मेगर ५०० व्होल्टचा दाब देऊन रोध मोजतो, तेव्हा खरे रूप कळते. ‘मीटर लावून बघितले, काही नाही’ असे कोणी म्हणाले, तर कोणते मीटर, हे विचारायला संकोच करू नये. आणि टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे सुरक्षित, हा समजही सोडून द्यावा.

पडलेला खटका एकदा वर करून पाहणे ठीक. पुन्हा पडला, तर तिसऱ्यांदा वर करण्यात शहाणपणा नाही. दोष शोधेपर्यंत गॅसवर पाणी तापवावे.

आणि खटका पडत नाही म्हणजे सारे आलबेल, असेही नाही. सैल प्लग किंवा सॉकेटमधला जळका जोड कोणताच हिशेब बिघडवत नाही. प्रवाह मर्यादेत असतो, गळती नसते, म्हणून दोन्ही पहारेकरी गप्प राहतात आणि जोड आतल्या आत धुमसत राहतो. प्लग काढल्यावर हाताला गरम लागला, प्लास्टिक पिवळे-काळे पडले किंवा जळका वास आला, तर तीही तक्रारच समजावी. १६ अँपियरचा जाड पिनांचा प्लग अॅडॉप्टर लावून ६ अँपियरच्या सॉकेटमध्ये खुपसण्याची सवय याच वाटेने आगीपर्यंत नेते.

‘उगाच पडतो’ यातही तथ्य असते

लोकांची तक्रार सरसकट खोटी नाही, हेही मान्य केले पाहिजे. ३० मिलीअँपियरचे यंत्र नियमाप्रमाणे १५ मिलीअँपियरपर्यंत पडता कामा नये आणि ३० ला पडलेच पाहिजे. या दोन आकड्यांच्या मध्ये ते कधीही पडू शकते. संगणक, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, एलईडी दिवे यांच्या आतल्या फिल्टरमधून थोडी थोडी गळती मुळातच होत असते. प्रत्येकाची गळती नगण्य, पण साऱ्या घरावर एकच ईएलसीबी असेल तर सगळ्यांची बेरीज होते. दमट हवेत ती आणखी वाढते. मग कोणा एकाचा दोष नसतानाही खटका पडतो, मध्यरात्री फ्रिज बंद पडतो, दूध नासते आणि घरातले लोक वैतागतात. घरात प्राणवायूचे यंत्र असलेला रुग्ण असेल, तर हा वैताग काळजीत बदलतो.

पण यावरचा उपाय पहारेकऱ्याला हाकलणे नाही, पहारे वाटून देणे आहे. न्हाणीघर व स्वयंपाकघर यांना एक आरसीसीबी आणि बाकीच्या घराला दुसरा, असे करता येते. एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचे काम एकत्र करणारा आरसीबीओ नावाचा खटका प्रत्येक महत्त्वाच्या सर्किटवर बसवता येतो. मग गिझरची गळती फ्रिजला अंधारात ढकलत नाही आणि दोष कुठे आहे तेही लगेच कळते. दोन वेगळ्या सर्किटांचे न्यूट्रल आरसीसीबीनंतर एकत्र जोडलेले असतील, तरी तो विनाकारण पडतो. ही वायरिंगमधली चूक आहे आणि ती दुरुस्त होते. ३० च्या जागी १०० किंवा ३०० मिलीअँपियरचे यंत्र बसवून ‘आता पडणार नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा मात्र सावध व्हावे. ती यंत्रे प्रामुख्याने आग टाळण्यासाठी असतात, न्हाणीघरात उभ्या असलेल्या माणसासाठी नसतात.

जबाबदारी कोणाची?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत अगदी लहान भाराच्या जोडण्या वगळता घरगुती जोडणीवर ३० मिलीअँपियरच्या आत पडणारे संरक्षक यंत्र असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. कागदावर प्रश्न सुटलेला आहे. प्रत्यक्षात जुन्या चाळी, वाडे, गावठाणातली घरे, विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या यांत डीबीची जागा अजून पोर्सेलीनच्या फ्यूजने घेतलेली दिसते. त्यात फ्यूजच्या तारेऐवजी हाताला लागेल ती तांब्याची तार असते. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये वरचे मोठे भोक असते, पण त्यामागे तार नसते. अशा खोलीत बादलीत पाणी तापवण्याचा स्वस्त रॉड सोडला जातो आणि पाणी तापले का, हे बोट घालून पाहिले जाते.

या खोल्यांत राहणारा भाडेकरू वायरिंग बदलू शकत नाही. घरमालकाला ‘आजवर काही झाले नाही’ एवढेच दिसते. दोन खांबांचा चांगला आरसीसीबी दोन-तीन हजार रुपयांच्या घरात मिळतो. अनामत रकमेच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. भाडेकरारात रंगरंगोटीची आणि नळांची अट असते, तशी चालू आरसीसीबी आणि अर्थिंगची अट असायला काहीच हरकत नाही. सोसायट्या लिफ्टची आणि पाण्याच्या टाकीची वर्षाला तपासणी करतात. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मोजून तो आकडा सूचनाफलकावर लावणे त्याहून अवघड नाही. वसतिगृहे, लॉज, मंगल कार्यालये येथे तर हे पाहुण्यांच्या जिवाशी निगडित आहे. आणि ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणणाऱ्या कारागिराला ग्राहकानेच नकार दिला पाहिजे. गाडीचा ब्रेक आवाज करतो म्हणून कोणी ब्रेक काढून घेत नाही.

बसवून विसरून जाणे हाही एक धोका आहे. वर्षानुवर्षे न हललेला खटका अडकू शकतो. टेस्टचे बटण त्यासाठीच असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका पडला तर यंत्र जागे आहे. नाही पडला तर ते तातडीने बदलावे. वीजबिल भरण्याच्या दिवशी हे केले, तर वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. हे बटण अर्थिंग तपासत नाही. ती तपासणी वेगळी करून घ्यावी लागते.

एवढे करूनही कोणाला झटका बसलाच, तर आधी मुख्य खटका बंद करावा. चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये. वीज बंद करता येत नसेल, तर कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करावे. श्वास थांबला असेल, तर लगेच १०८ ला फोन करून छातीवर दाब देणे सुरू करावे. काही क्षण शुद्ध हरपली असेल, छातीत धडधड होत असेल, कातडीवर भाजल्याची खूण असेल किंवा ती व्यक्ती गरोदर असेल, तर ‘आता बरे वाटते’ म्हणून घरी बसू नये. रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. विजेने बाहेर छोटासा डाग ठेवून आत स्नायू जाळलेले असू शकतात.

घरात ताप मोजणारा थर्मामीटर जास्त आकडा दाखवू लागला, तर कोणी थर्मामीटर फोडत नाही. ताप कशाचा आहे ते शोधतात. विजेच्या पेटीतल्या त्या छोट्या खटक्याला एवढाच मान मिळायला हवा. या थंडीत तो पडला, तर त्याला शिव्या देण्याआधी गिझरचा प्लग काढावा आणि तो काय सांगतो आहे, ते ऐकून घ्यावे.